शेपूट सोडून

जुईली सांगते, मी वहीत लिहिते.
वही माझीच, ब्लाउजच्या मापांची,
मागल्या बाजूने उघडलेली.
पुढून : म्हात्रेकाकू, छाती अडतीस, दंड अकरा, गळा खोल नको.
मागून : पारसिक, खाणीची कड, नर,
नाकाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत
एकतीस पूर्णांक चार.

"मिलिमीटर, मावशी. इंच नाही."
माहीत आहे गं.

घणसोलीतलं माझं दुकान, रात्रीचे साडेदहा,
शटर अर्धं खाली,
इस्त्रीच्या टेबलावर पांढरा फडका
आणि कापडी पिशव्यांत सात पाली.
पिशव्या मीच शिवल्यात, उरलेल्या अस्तराच्या.
शिवण बाहेरून घेतली,
आत कुणाचं बोट दोऱ्यात अडकायला नको.

मला सगळ्या एकसारख्या.
मातकट, पाठीवर फिके ठिपके, अंगठ्याहून थोड्या लांब.
"डोळा बघ. बुबुळ गोल आहे.
तुझ्या ट्यूबलाइटमागे राहते तिचं उभं असतं."
वीस वर्षं राहते ती. मी कधी पाहिलं नव्हतं.

शेपूटही मोजते, पण निराळ्या रकान्यात.
"शेपटीवर विसंबायचं नाही.
तुटते. परत येते. आलेली असते ती आधीची नसते."
हे मला लगेच पटलं.
मीही कुणाचं माप पदरावरून घेत नाही.

मग खवले. ओठावरचे. पोटावरचे, आडवे.
मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या.
मांडीच्या आत छिद्रं, यांच्यात नरालाच,
टाचणीने टोचून ठेवल्यासारखी.
भिंगातून पाहिलं तेव्हा
इतकी वर्षं सुईत दोरा ओवणारी मी
श्वास सोडायला विसरले.

पाचवीपर्यंत सारं जुळत गेलं.
सहावीपाशी ती थांबली.
"मावशी, तू मोज. मी किती मोजल्या ते सांगणार नाही."

मी मोजल्या. सव्वीस.
तिच्या चोवीस.
वाटलं, आता चिडेल. पोरगी चक्क हसली.
मग दोघींनी पुन्हा,
दिवा डावीकडे घेऊन, ओल्या कापसाने बोट पुसून.
पंचवीस.
आणखी एकदा पंचवीस.
बाकीच्यांच्या एकोणीस ते एकवीस.

"म्हणजे नवी जात?"
"म्हणजे अजून काहीच नाही."
एक म्हणजे एकच.
येऊरच्या बघायच्या, खाडीपलीकडच्या.
संग्रहालयात बाटलीत उभ्या असलेल्या, रंग उडालेल्या,
त्यांचीही बोटं मोजायची.
शेपटीचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, कुपीत गेलंय,
ते काय म्हणतं ते ऐकायचं.
तोवर नाव नाही.
वहीत नुसतं : सहा.

मनात शंकेची पाल चुकचुकली
की माझी आई ठरलेला बेत मोडायची.
ही पोरगी
पाल चुकचुकली की बेत आखते.

पहाटे तिच्या स्कूटरवर मागे बसले, पिशव्या मांडीवर.
दिघ्याच्या वर, खाणीचा रस्ता, तोंडात धूळ.
ज्या दगडावरची त्याच दगडावर सोडायची,
दगडांना खडूने आकडे घातलेले.
चारचा दगड सापडेना.
बराच वेळ शोधला. मग खडीच्या ढिगाकडे बघून
जुईली काही बोलली नाही,
चौथीला शेजारच्या खडकावर ठेवली
आणि तेही लिहायला लावलं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
हिची त्या घळीपर्यंत.
घळ संपते तिथे डंपर उभा होता,
ड्रायव्हर आत झोपलेला, पाय खिडकीबाहेर.

सहावी पिशवीच्या तोंडाशी थांबली.
गोल बुबुळ.
मग भेगेत : डोकं, पोट,
सगळ्यात शेवटी टोक कापलेलं शेपूट.

दुकानाशी आले तर म्हात्रेकाकू पायरीवर.
"दंडाला घट्ट होतोय गं."
वहीत अकरा लिहिलंय. माझ्याच हाताने.
"हात बाजूला करा," म्हटलं,
आणि वही न उघडता
टेप घेतली.